मस्कतच्या पत्रांचा चोर

१

मस्कतचं पत्र पुन्हा गायब झालं आणि या खेपेला मालक शरणप्पांनी चोराचं नाव सगळ्या कारखान्यासमोर घेतलं. चहाची सुट्टी होती, यंत्रमाग थांबलेले होते, त्यामुळे पार शेवटच्या कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या बायकांनाही ते स्वच्छ ऐकू गेलं. नाव फिरदोसचं होतं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर येणारी सगळी पत्रं तीच बघायची.

फिरदोस तडक मामाच्या घरी आली. मामा म्हणजे बडेसाब, पोस्टाच्या तक्रार शाखेतून निवृत्त झालेले. लोकांची हरवलेली पत्रं आणि फुटलेली पार्सलं शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीच्या दिवशीच त्यांनी ठरवलं होतं, की यापुढे कुणाचं काही हरवलं तर त्याचं त्यानं बघावं. आणि आता सख्खी भाची दारात डोळे पुसत उभी.

"मामू, मैं कुछ नै करी," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे. आधी बस, पाणी पी आणि सरळ सांग."

तिनं सांगितलं ते असं. कारखान्याचा पत्ता एकच, ईमेलचा. त्याचा पासवर्डही सगळ्यांचा मिळून एकच. पत्र आलं की ते ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसतं, शिवाय तीन फोनवर दिसतं: फिरदोसच्या, मालकांची सून पूनमच्या आणि माल पाठवण्याचं काम बघणाऱ्या जोतिरामच्या. शरणप्पांनी स्वतःच्या फोनवर ते कधी घेतलं नाही, डोक्याला ताप नको म्हणून. मस्कतच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला हॉटेलांसाठी टॉवेल जायचे. त्यानं किनार निळ्याची मरून करायला सांगितली होती म्हणे. इथं कुणालाच ते पत्र दिसलं नाही. माल निळ्या किनारीचा गेला. असं पुन्हा झालं, परत झालं. शेवटी गिऱ्हाईक वैतागलं आणि त्यानं सोलापुरातल्याच दुसऱ्या एका कारखान्याकडे चौकशी केली. त्या कारखान्यात फिरदोसचा भाऊ सरफराज सुपरवायझर होता.

"फक्त मस्कतचीच पत्रं जातात?" बडेसाबांनी विचारलं.

"बाकी कुणाचं एकही गेलं नाही. म्हणून तर माझ्यावर आलं, मामू. सोमवारी पोलिसात तक्रार देणार आहेत. टॉवेलच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. चोर म्हणून नाव झालं तर या गावात मला कोण कामावर ठेवणार?"

बडेसाबांना राग आला. शरणप्पांचा आला, सरफराजचा उगीचच आला, आणि सगळ्यांत जास्त त्या ईमेलचा आला. साधं पत्र हरवलं तर निदान ते शोधायला पोतं तरी झटकता येतं.

"उद्या पूनमवहिनी पासवर्ड बदलणार आहेत," फिरदोस म्हणाली. "मला काढलं, पासवर्ड बदलला, की बघू म्हणाल्या, पत्रं कशी गायब होतात ते."

बडेसाबांनी हातातला कप खाली ठेवला. पासवर्ड बदलला की चोर कुणीही असो, त्याचं दार बंद होणार. पत्रं नीट यायला लागणार. आणि मग फिरदोसनेच चोरी केली होती याबद्दल कुणालाही कधीही शंका उरणार नाही.

२

शनिवारी सकाळीच ते अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यात जाऊन धडकले. शरणप्पा त्यांना लहानपणापासून ओळखत होते. शरणप्पांच्या वडिलांचं रजिस्टर पार्सल एकदा बडेसाबांनी होटगीच्या फलाटावरून शोधून आणलं होतं.

"चाचा, तुमी या वयात कशाला ह्यात पडताय?" शरणप्पा म्हणाले. "पोरगी चांगली हाय हो, पण भाऊ तिकडं, बहीण हिकडं. मी काय समजायचं, सांगा की."

"समजायचं ते रविवारी संध्याकाळी समजा. तोवर पासवर्डला हात लावू नका. आणि तुमची ती ईमेल माझ्या फोनवर बसवून द्या."

"तुमच्या फोनवर?" पूनमने विचारलं. ती लग्न होऊन वर्षापूर्वी या घरात आली होती, हुशार होती, आणि कारखान्याचा कारभार अजून चहाच्या सुट्टीत ठरतो याचा तिला वैताग होता.

"चोरी ज्या दारातून झाली ते दार मला बघायचंय."

पूनमने फोन घेतला आणि अंगठ्यानं भराभर दाबत सुटली.

"थांब, बाई. आत्ता ते काय विचारत होतं?"

"काही नाही काका, तुमचे कॉन्टॅक्ट बघू का म्हणत होतं."

"मग नको म्हण. पोस्टमन पत्र टाकायला आला तर तुमचं कपाट उघडू का असं विचारतो का?"

पूनमने नको म्हटलं. मग फोनने फोटो बघायची परवानगी मागितली. तीही नाकारल्यावर ते कोणत्या गावी आहेत हे विचारलं. बडेसाब म्हणाले, सोलापुरात आहे, आणि इथून हलणार नाही. मग पासवर्ड टाकला तर तो चुकीचा निघाला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. एक अक्षर मोठं होतं ते पूनम विसरली होती. तिसऱ्या खेपेला पासवर्ड चालला, तेवढ्यात फोननेच सगळं सोडून अपडेट मागितलं. बडेसाबांनी डोळे मिटून घेतले. टपाल खात्यात इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही शिवी दिली नव्हती, ती आता तोंडाशी येऊन थांबली.

अपडेट झालं, पूनम पुन्हा पुढे-पुढे दाबू लागली, आणि बडेसाबांनी तिचा हात धरला. "मागे जा. आता एक प्रश्न गेला."

पूनमने उसासा टाकला आणि मागे गेली. पडद्यावर प्रश्न होता, फोनमध्ये उतरलेलं पत्र सर्व्हरवर ठेवायचं की तिथून काढून टाकायचं.

"सर्व्हर म्हणजे आमचं हेड पोस्ट?"

"तसंच समजा. इथं 'ठेवा' करायचं, म्हणजे पत्र सगळ्यांना दिसत राहतं."

"आणि एखाद्यानं 'काढा' केलं तर?"

"मग पत्र त्या एकाच फोनमध्ये जाईल आणि बाकीच्यांकडून नाहीसं होईल. ऑफिसच्या कॉम्प्युटरने आधीच उचललेलं असेल तर गोष्ट वेगळी, त्याची प्रत कॉम्प्युटरमध्ये कायम राहते." पूनमच्या लक्षात आलं की म्हातारा कुठे निघालाय. "पण काका, तिन्ही फोन मी स्वतः तपासलेत. तिन्हीत 'ठेवा' आहे. उलट गेल्या रविवारी मी देवळातून येत होते, माझा फोन वाजला. मस्कतचं नाव मी या डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन उघडते तर पत्र नाही. ऑफिस बंद, कॉम्प्युटर बंद. मग ते कुणी उडवलं? ज्याच्या फोनवर होतं त्यानंच ना?"

बडेसाबांनी बोटांवर मोजलं. तीन फोन, तिन्ही नीट. आणि पत्र तर डोळ्यांदेखत गेलं होतं.

३

जोतिराम मालाच्या गठ्ठ्यांवर पत्ते चिकटवत होता. सांगोल्याकडचा, मेंढपाळाच्या घरातला, पण शिकून नोकरीला लागलेला. बोलायला मोकळा होता.

"चाचा, फिरदोसताई आसलं काय करणारी न्हाई," तो म्हणाला. "पर मालकाला कोण सांगणार? मला बी नोकरी करायची हाय."

"तुझ्या फोनवर मस्कतची पत्रं येतात?"

"येत्यात की. आमी लिवलं की त्येचं उत्तर येतं. नवीन काय आसंल ते मातर आता येत न्हाई. पयलं यायचं. सोमवारी ताई हापिसात आली की मीच सांगायचो, मस्कतवाल्याचं आसं आसं आलंय म्हून. तिच्या कॉम्प्युटरवर नसायचं, माज्याकडं आसायचं."

बडेसाबांनी चष्मा काढून पुसला. "हे यायचं कधी बंद झालं?"

"दिवाळीपस्नं आसंल. नवा फोन घेतला तवा वाटलं, ह्येच्यातच कायतरी बिगाड हाय. पर पूनमवैनींनी बघितला, म्हनल्या बरोबर हाय."

"बरं. उद्या रविवार आहे, पण तू इथं थांब. सगळ्यांनी ऑफिसात बसायचंय."

जोतिरामचं तोंड उतरलं. "उद्या गावाकडं जानार हुतो ओ. आता धुळाप्पादादाला कळवायचं कसं? त्यो मेंढरं घिऊन रानात हाय, तितं रेंज न्हाई. आटवडाभर लागत न्हाई त्येचा फोन. उद्या सांगोल्याच्या बाजारात आला की लागंल."

बडेसाब निघाले होते ते दारात थांबले.

"तुझ्या दादाला वाचता येतं?"

"चौथीपातूर शिकलाय की. मराठी वाचतो हळूहळू. का ओ?"

बडेसाब घाईनं चपला घालून निघाले. घरी आल्यावर त्यांनी फिरदोसला एवढंच विचारलं, की मस्कतला आठवड्याची सुट्टी कधी असते. शुक्रवारी आणि शनिवारी, ती म्हणाली. मग ते सोफ्यावर फोन घेऊन बसले आणि एका बोटानं काहीतरी लिहू लागले. फोन दर शब्दाला स्वतःच्या मनाचा शब्द घुसवत होता आणि बडेसाब तो पुसत होते. फिरदोसने मदतीला हात पुढे केला तर त्यांनी फोन फिरवून धरला. लिहिलेलं कुणालाही दाखवायचं नव्हतं.

४

रविवारी ऑफिसात पाच माणसं बसली. शरणप्पा, पूनम, जोतिराम, फिरदोस आणि बडेसाब. कॉम्प्युटर बंद होता. बडेसाबांनी तिन्ही फोन टेबलाच्या मधोमध ठेवायला लावले, शेजारी स्वतःचा ठेवला. कुणीही कशालाही हात लावायचा नाही, असं ठरलं.

"मी आत्ताच कारखान्याच्या पत्त्यावर एक पत्र टाकलंय," ते म्हणाले. "आमच्याकडे चोर पकडायला असंच करायचे. मुद्दाम एक पत्र सोडायचं आणि ते कुठे जातं ते बघत राहायचं."

चारही फोन एकदम वाजले. सगळ्यांवर पत्र आलेलं दिसत होतं.

मग काहीच झालं नाही. शरणप्पांनी चहा मागवला. चहा संपला. पूनम सारखी घड्याळाकडे बघत होती. फिरदोसने पदराचं टोक बोटाला गुंडाळून पार सुरकुतवून टाकलं होतं. बडेसाबांना वाटायला लागलं, आपण म्हातारपणी आपलंच हसं करून घेतोय. मेंढपाळ आज बाजाराला आलाच नाही तर? फोन चार्ज नसेल तर? आपल्या एका अंदाजावर या पोरीची नोकरी टांगली आणि संध्याकाळी पासवर्ड बदलला, की संपलं.

"चाचा, किती वेळ बसायचं?" शरणप्पा म्हणाले. "मला एका लग्नाला जायचं हाय."

"आणखी थोडं."

तेवढ्यात पूनम खुर्चीतून अर्धवट उठली. टेबलावरच्या तिच्या फोनमधलं पत्र तिच्या डोळ्यांसमोर नाहीसं झालं होतं. शेजारी फिरदोसच्या फोनवर नाही, जोतिरामच्या नाही, बडेसाबांच्याही नाही. कुणाचंही बोट कशालाही लागलेलं नव्हतं.

शरणप्पा फिरदोसकडे बघत राहिले. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

आणि मग टेबलावरचा जोतिरामचा फोन वाजायला लागला. पडद्यावर नाव होतं, दादा.

५

"उचल," बडेसाब म्हणाले, "आणि सगळ्यांना ऐकू येऊ दे."

फोनमधून आधी मेंढरांचा कलकलाट आला, मग माणसाचा मोठा आवाज. "जोत्या, आरं ह्या फोनात माज्या नावाचं पत्र आलंय. मराटीत हाय. येरवी तुज्या हापिसचं विंग्रजी कागद येत्यात, मी काय बगत न्हाई. पर ह्येच्यावर धुळाप्पा म्हून लिवलंय की."

"धुळाप्पा, मी बडेसाब बोलतोय. वाचून दाखवा."

धुळाप्पाने घसा खाकरला. तो एकेक शब्द सुटा करून वाचत होता, आणि मधे कुणाला तरी म्हणाला, आरं ते कोकरू सोड, जरा थांब. मग पुन्हा सुरू झाला.

"धुळाप्पा... यांस... सलाम. जोतिरामच्या हापिसची पत्रं... तुमच्या फोनात... जाऊन पडतात. त्यापायी... माझी भाची फिरदोस... हिच्यावर चोरीचा... आळ आलाय. ती चोर... न्हाई. हे वाचलंत तर... जोतिरामला फोन करा." तो थांबला. "जोत्या, माज्यामुळं कुनाच्या लेकीवर आळ आलाय?"

बडेसाबांनी विचारलं, "ती जुनी पत्रं पुसलीत का तुम्ही?"

"मी कशाला पुसू? भावाचं कागद हायती. त्येला कवातरी लागतील म्हून हात बी लावला न्हाई. समदी हायती तशीच."

पूनम पुढे वाकली. "पण हा फोन आला कुठून?"

"दिवाळीत," जोतिराम कसाबसा म्हणाला. "नवा घेतला तवा जुना दादाला दिला. माजं शिम काढलं, त्येचं घातलं. मला वाटलं शिम काढलं की फोन रिकामा झाला."

बडेसाबांना हेच हवं होतं. घरातला जुना फोन गावाकडच्या भावाला जातो, त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही, आणि तो कुणाच्या मोजणीतही नसतो. पूनमने तीन फोन तपासले होते, चौथा मेंढरांमागे हिंडत होता.

"तू जुन्या फोनवर ईमेल बसवली ती स्वतःच, ना?" त्यांनी विचारलं. "तेव्हा पूनम या घरात आली नव्हती."

"व्हय. पुढं पुढं दाबत गेलो."

"आणि तो एक प्रश्नही पुढे ढकललास. म्हणून तो फोन पत्र बघून ठेवत नाही, उचलून घेऊन जातो. तुझ्याकडे होता तोवर कुणाचं बिघडलं नाही, तू सोमवारी सांगून टाकायचास. तुझा फोन बदलला आणि सांगणारा माणूस गेला."

"पण मस्कतचीच का?" शरणप्पा हटून बसले होते. "बाकीची शंभर गिऱ्हाइकं हायत की."

"कारण चोर गिऱ्हाईक निवडत नव्हता, शरणप्पा. वार निवडत होता. आठवडाभर त्या फोनला रेंज नाही. इकडे ऑफिस चालू, कॉम्प्युटर आधी पत्र उचलतो, त्याची प्रत इथं राहते. रविवारी धुळाप्पा बाजाराला येतो, फोनला रेंज येते, आणि इथं कॉम्प्युटर बंद. रविवारी सगळी दुनिया सुट्टीवर असते, पत्र लिहितं कोण? मस्कतवाले. त्यांची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. रविवारी ते आठवडा सुरू करतात आणि नवं जे काही असेल ते त्याच दिवशी लिहितात. तुमची पत्रं त्यांना मधल्या वारी मिळतात आणि उत्तरही तेव्हाच येतं, म्हणून त्यांची उत्तरं कधी हरवली नाहीत."

पूनमने मान हलवली. तिला रविवारचा तो वाजून गप्प झालेला फोन आठवत होता.

"आणि सरफराज?" शरणप्पांचा आवाज आता खाली आला होता.

"ज्याला तुमच्याकडून उत्तर मिळत नाही तो दुसरं दार वाजवतो. त्या दारात माझा भाचा उभा होता, एवढाच त्याचा गुन्हा. काल तुम्ही पासवर्ड बदलला असता तर धुळाप्पाचा फोन आपोआप बंद पडला असता, पत्रं यायला लागली असती, आणि तुम्ही मरेपर्यंत म्हणाला असतात, बघा, पोरीला काढलं आणि चोरी थांबली."

६

शरणप्पांनी टेबलावरचा रिकामा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "चुकलं माझं. फिरदोस, उद्यापासून ये. झालं गेलं सोडून दे."

बडेसाबांना वाटलं, आता ही रडेल आणि बरं म्हणेल. ती रडली नाही.

"येईन," फिरदोस म्हणाली. "पण इथं नाही चालणार, मालक. तुम्ही मला चोर म्हणालात ते बाहेर, सगळ्यांसमोर. तिथं म्हणा."

पूनमने सासऱ्यांकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. शरणप्पांचा चेहरा लाल झाला होता. मालकानं कामगारांपुढे चूक कबूल करायची पद्धत त्या कारखान्यात कधी नव्हती, त्यांच्या वडिलांच्या काळातही नव्हती.

"चाचा, तुमी तरी सांगा तिला."

"मी काय सांगू?" बडेसाब म्हणाले. "पत्र ज्या पत्त्यावर गेलं, उत्तर त्याच पत्त्यावर जायला पाहिजे."

सोमवारी चहाची सुट्टी व्हायच्या आधीच शरणप्पांनी माग बंद करायला लावले. एकेक यंत्र थांबत गेलं आणि माणसं दचकून माना वर करायला लागली, कुणी गेलं की काय म्हणून. शरणप्पा मधोमध येऊन उभे राहिले. फिरदोसनं चोरी केली नाही, मी तिच्यावर खोटा आळ घेतला, असं ते मराठीत म्हणाले. मग कानडीत म्हणाले, ते त्यांना सोपं गेलं. पण घड्या घालणाऱ्या बायका सगळ्या तेलुगू बोलणाऱ्या, त्या एकमेकींकडे बघत होत्या. शरणप्पा तेलुगूत सुरू झाले आणि पहिल्याच शब्दाला अडले. त्यांनी सवयीनं फिरदोसकडे पाहिलं. त्यांची तेलुगू नेहमी तीच सांभाळून घ्यायची.

फिरदोस गप्प उभी राहिली. शरणप्पा ओळखून चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि चुकत, अडखळत, एकेक शब्द शोधत ते वाक्य त्यांनी शेवटपर्यंत नेलं.